उपवास आमचा, पंगत कुणाची?

2026 च्या फेब्रुवारीत कॅलेंडराने कोकणात एक गंमत केली. रविवारी 15 तारखेला महाशिवरात्र आली, बुधवारी 18 ला आम्हा कॅथलिकांचा राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, आणि त्याच आठवड्यात रमजानचे रोजेही सुरू झाले. देऊळ, मशीद आणि चर्च एकाच रस्त्यावर असलेली गावं किनाऱ्यावर पुष्कळ आहेत. तिथे चार-पाच दिवसांत तिन्ही आळ्यांतल्या चुली थंडावल्या. पण तिन्हीकडचं थंडावणं सारखं नव्हतं. महाशिवरात्रीला शंकराच्या देवळात जत्रा भरते, येणाऱ्याच्या हातावर प्रसाद पडतो, आणि तो कोण कुठला हे कुणी विचारत नाही. रोजा दिवसभर कडक, पण संध्याकाळी सुटतो तो चारचौघांत. त्या वेळी मशिदीपाशी असलेल्या वाटसरूलाही खजूर मिळतो. आमचा उपवास या तिन्हींत सगळ्यात लांबलचक आणि सगळ्यात घरकोंबडा. कपाळाला राख लावून घ्यायची, मटण आणि दारू सोडायची, लग्नकार्यं ईस्टरपुढे ढकलायची, शुक्रवारी क्रुसाची वाट (येशूच्या अखेरच्या वाटचालीच्या चौदा स्थानकांपाशी थांबत केलेली प्रार्थना) करायची, आणि शेवटच्या आठवड्यात दानाचं एक पाकीट चर्चमध्ये नेऊन द्यायचं. शेजारच्या आळीला या चाळीस दिवसांचा पत्ताही लागत नाही.

पत्ता लागू नये असंच तर येशूने सांगितलंय, असं आमच्यातलेच जाणकार म्हणतील. बायबलात मत्तयच्या सहाव्या अध्यायात आहे ते: उपवास करणाऱ्याने तोंड धुवावं, डोक्याला तेल लावावं, लोकांपुढे म्लान चेहरा करून फिरू नये. राखेच्या बुधवारी हेच वाचन असतं. कबूल. पण झाकायला सांगितलाय तो उपवाशाचा चेहरा. ताट झाकायला कुणीही सांगितलेलं नाही. त्याच आठवड्याच्या शुक्रवारी यशयाचा अठ्ठावन्नावा अध्याय वाचला जातो आणि त्यात देव स्वतःच विचारतो की मला हवा असलेला उपवास कोणता? भुकेल्याला आपल्यातली भाकर देणं, बेघराला आपल्या घरात आणणं. पुढच्या सोमवारी मत्तयचा पंचविसावा अध्याय: मी परका होतो आणि तुम्ही मला घरात घेतलंत, किंवा घेतलं नाहीत. म्हणजे उपवासकाळाचा पहिला आठवडा धड संपायच्या आत चर्चने दोनदा दारावरची कडी वाजवलेली असते. आपण ती ऐकतो, आमेन म्हणतो आणि मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधली उपासना संपली की, गाडी काढतो.

माझं म्हणणं सरळ आहे. उपवासकाळात आपल्या तीर्थस्थानांनी, म्हणजे जिथे लोक नवस बोलायला, रिट्रीटला (शांततेत प्रार्थनेचे दिवस घालवायला), क्रुसाची वाट करायला लांबून येतात त्या प्रत्येक ठिकाणाने, रोज एक वेळचं जेवण आणि थोड्या खोल्या येईल त्या माणसाला मोफत खुल्या ठेवाव्यात. भाविकालाही आणि भाविक नसलेल्यालाही. याकडे समाजसेवेची जादा पुरवणी म्हणून बघू नये. उपवासाची वेळापत्रकं छापतो त्यातच या पंगतीची वेळ छापावी, कारण ती उपवासाचाच भाग आहे.

उपवासाबद्दल आमच्या किनाऱ्याची एक खास अडचण आहे ती आधी सांगून टाकतो. चर्चच्या कायद्याप्रमाणे पूर्ण उपवासाचे सक्तीचे दिवस दोनच, राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार (गुड फ्रायडे). बाकीच्या शुक्रवारी फक्त मांस वर्ज्य. मासळीला मुभा आहे. ज्या देशांत हा नियम घडला तिथे मांस श्रीमंताघरचं आणि मासा गरिबाघरचा असेल. आमच्याकडे पापलेटचा भाव कोंबडीला खाली मान घालायला लावतो. शुक्रवारी चिकन सोडून सुरमईची तुकडी तळणारा माणूस नियम अगदी काटेकोर पाळत असतो आणि नियमाचा हेतू तव्यावर परतत असतो. हिंदू शेजाऱ्यांना आपण ‘एकादशी दुप्पट खाशी’ म्हणून चिडवतो, तेव्हा निदान साबुदाण्याच्या शेजारी आपली तुकडीही ठेवून बघावी.

दुसऱ्या शतकातल्या ‘हर्मासचा मेंढपाळ’ या ख्रिस्ती लिखाणात यावर सोपा हिशेब आहे. उपवासाच्या दिवशी भाकर-पाण्यावर राहा, एरवी त्या दिवशी जे खाल्लं असतं त्याची किंमत काढ, आणि तेवढे पैसे विधवेला, अनाथाला किंवा गरजवंताला दे. म्हणजे उपवासात वाचलेलं अन्न हे देण्याचं अन्न होतं. वजन कमी करण्याशी किंवा मन एकाग्र करण्याशी त्याचा संबंध नंतर आला. हा हिशेब आज पाकिटात होतो हे मला ठाऊक आहे. पाकिटाला मी नावं ठेवत नाही. त्यातले पैसे दूर दुष्काळी भागात पोचतात, पुरात पोचतात. पण पाकिटाला समोरचा माणूस दिसत नाही, आणि समोरच्याला पाकीट देणारा दिसत नाही. एका पंगतीत बसल्यावर जी अडचण होते, कुणाशेजारी बसायचं, काय बोलायचं, त्याच्या हाताला काय लागलंय, ती अडचण पाकीट टाळून देतं. उपवासाने थोडी अडचण व्हायलाच हवी, नाही का?

आता आपली तीर्थस्थानं काय करतात? खुली नाहीत असं कुणी म्हणणार नाही. बांद्र्याच्या मोत मावलीला (माउंट मेरीला) सप्टेंबरात 8 तारखेच्या सणाला आणि पुढच्या आठवडाभराच्या जत्रेला जो समुदाय लोटतो त्यात हिंदू, पारशी, मुसलमान सगळे असतात. मेणाचे हात, पाय, घरं, बाळं वाहायला धर्म आड येत नाही. वसईला रमेदी मातेकडेही ख्रिस्तेतर माणसं नेमाने येतात. गोवा वेल्ह्याला उपवासकाळाच्या पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी संतांच्या पुतळ्यांची जी मिरवणूक निघते ती तर प्रायश्चित्ताचीच, फ्रान्सिस्कन तृतीय संघाने सुरू केलेली. तिथे बाहेर फेरी भरते, हाताने केलेले पंखे विकले जातात, नि बघायला अख्खा तालुका येतो. म्हणजे प्रायश्चित्त आणि गर्दी यांचं आमच्याकडे जुनं सख्य आहे. दार उघडं आहेच. प्रश्न दाराच्या आतला आहे. देवाच्या दारात सगळे एकत्र येतात. जेवायला आणि झोपायला मात्र ज्याच्याकडे बुकिंग आहे तोच थांबतो.

सिंधुदुर्ग 1997 मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला. तेव्हापासून किनाऱ्यावर ‘न्याहारी-निवास’च्या पाट्या लागल्या, घरोघरी चार खोल्या निघाल्या, त्यातून कितीतरी संसार उभे राहिले, त्याबद्दल वाईट बोलणारा मी कोण. पण हळूहळू तीच भाषा धर्मस्थळांच्या अतिथीगृहांतही शिरली. एसी, नॉन-एसी, चेक-आउट सकाळी नऊ, जेवणाची कुपनं आदल्या दिवशी. उपवासकाळ म्हणजे शनिवार-रविवारच्या बसगाड्यांचा सीझन. मुंबईहून एखाद्या पॅरिशची, म्हणजे एका चर्चच्या भाविकांची, बस येते, क्रुसाची वाट होते, जेवण होतं, परतताना काजू आणि कोकम सरबत. यात पाप काही नाही. फक्त त्याला आतिथ्य म्हणू नये, ती सेवा आहे आणि तिचे पैसे घेतलेले आहेत.

आतिथ्याची जुनी कसोटी मठांनी ठरवून ठेवलेली आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठांसाठी जी नियमावली लिहिली तिच्यात एकोणपन्नासावं प्रकरण उपवासकाळावर आहे आणि त्रेपन्नावं पाहुण्यांवर. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ख्रिस्त समजून घरात घ्यावं, असं त्यात आहे. मला जास्त भावतात ती त्यातली बारीक कलमं. पाहुण्यासाठी मठाच्या प्रमुखाने आपला उपवास मोडावा, मुख्य उपवासाचा दिवस असेल तेवढा सोडून. पाहुण्यांचं स्वयंपाकघर वेगळं ठेवावं, कारण पाहुणे अवेळी येतात आणि ते कधी संपत नाहीत! गरीब आणि यात्रेकरू यांच्याकडे सगळ्यात जास्त लक्ष द्यावं. श्रीमंतांची काळजी करायला सांगावं लागत नाही, त्यांचा दराराच ते काम करून घेतो. दीड हजार वर्षांपूर्वीचा हा इटालियन माणूस आपल्याकडच्या कुठल्याही संस्थेच्या स्वागतकक्षात आज बसवला तरी त्याला नवीन शिकण्यासारखं फारसं सापडणार नाही.

त्याच्याही आधी, इजिप्तच्या वाळवंटातल्या तपस्व्यांची आठवण कॅसियन हा जुना ख्रिस्ती लेखक सांगतो. पाहुणे आले म्हणून एका वृद्ध साधूने उपवास सोडला. असं का, असं विचारल्यावर त्याने उत्तर दिलं ते असं की उपवास माझ्याजवळ कायमच आहे, तुम्हाला मात्र मी थोड्या वेळाने निरोप देणार आहे. ही माणसं उपवासाच्या बाबतीत आपल्यापेक्षा शंभरपट कडक होती. त्यांनाही आतिथ्य हे उपवासाच्या वरचं वाटत होतं. त्यामुळे ‘रिट्रीटच्या दिवसांत बाहेरची माणसं आली की शांतता भंगते’ ही तक्रार मी ऐकतो तेव्हा मला बेनेडिक्टचं वेगळं स्वयंपाकघर आठवतं. शांतता हवी असेल तर अंगणाच्या दुसऱ्या टोकाला चूल मांडा. शांततेसाठी पाहुणा कमी करायचा विचार त्याच्या मनातही आला नाही.

पाहुणा कोण, हा खरा मुद्दा. बसने आलेली मंडळी पाहुणी आहेतच, पण ती आपल्याच घरची. उपवासकाळ कोकणात येतो तो बरोबर हापूसच्या मोसमात. रत्नागिरी, देवगडच्या बागांत त्या दिवसांत राखणीला आणि फवारणीला नेपाळहून आलेली माणसं असतात. बागेतच पत्र्याच्या खोपटात राहतात आणि पावसाआधी निघून जातात. मासेमारीच्या बोटींवर खलाशी म्हणून परप्रांतातले आणि नेपाळचेही तरुण असतात. 1 जूनला बंदी लागली की बंदर रिकामं, तोवर त्यांचं घर म्हणजे बोटीची फळी. उत्तर कोकणात दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेली कातकरी कुटुंबं चैत्र-वैशाखात भट्टीवरच असतात, पोरं शाळेबाहेर. ही सगळी माणसं आपल्या क्रुसाच्या वाटेच्या कडेला, शब्दशः कडेला, दिसतात. टेकडीवर चौदा स्थानकांपाशी गुडघे टेकत चढणाऱ्या मिरवणुकीकडे बागेतला राखणदार कुंपणाआडून बघत असतो. सहाव्या स्थानकावर वेरोनिका येशूचं तोंड पुसते, आपण तिची स्तुती करून सातव्याकडे वळतो.

या किनाऱ्याचा स्वतःचा संत आहे, बाणावलीत 1651 मध्ये जन्मलेला जुझे वाझ. पोप फ्रान्सिस यांनी 2015 मध्ये कोलंबोला त्यांना संत घोषित केलं. डचांच्या बंदीमुळे ते 1687 मध्ये श्रीलंकेत शिरले ते मजुराच्या वेशात, आणि उतरल्याबरोबर आजारी पडले. परमुलखात, परक्या किनाऱ्यावर, फाटक्या कपड्यांतला आजारी मजूर. पुढे कँडीत देवीची साथ आली तेव्हा ज्यांना घरच्यांनी टाकून दिलं होतं त्यांची शुश्रूषा त्यांनी केली. आपण त्यांच्या नोव्हेना (नऊ दिवसांच्या प्रार्थना) करतो. आज तसाच एखादा मजूर रात्री आठला तीर्थस्थानाच्या फाटकाशी आला तर वॉचमन त्याला काय विचारेल, याची कल्पना करायला फार प्रतिभा लागत नाही.

इथे मी सगळ्यात कठीण आक्षेपाकडे येतो. लोक म्हणतील, आजच्या दिवसांत चर्चने ख्रिस्तेतर मजुरांना फुकट जेवू घातलं तर गावात काय बोललं जाईल? आमिष. फेब्रुवारी 2025 मध्ये राज्य सरकारने धर्मांतराविरुद्धच्या कायद्याचा विचार करायला पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हापासून हा शब्द चहाच्या टपरीवरही ऐकू येतो. ही भीती खोटी नाही. आणि तिच्यावर ‘आम्ही तर फक्त सेवा करतो’ एवढं उत्तर पुरत नाही, कारण कोकणात अन्न आणि पाणी कधीच नुसतं अन्न आणि पाणी नव्हतं.

वसईपासून गोव्यापर्यंत एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. पाद्र्यांनी रात्री विहिरीत पाव टाकला, सकाळी गाव पाणी प्यालं, आणि अख्खं गाव बाटलं. पोर्तुगीज काळातली धर्मांतरं प्रत्यक्षात याहून गुंतागुंतीची होती. त्यात सत्ता होती, जमिनी होत्या, मोडलेली देवळं होती, गोव्यात 1560 पासून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मचौकशीचं न्यायालय, होतं, आणि मनापासून आलेली माणसंही होती. पण गोष्ट टिकली, कारण ती दोघांवर बोट ठेवते. पाव टाकणाऱ्यांवर तर ठेवतेच. आणि त्यांच्यावरही, ज्यांनी घोटभर पाण्यासाठी सख्ख्या भावाला परत घरात घेतलं नाही. आमच्या पूर्वजांच्या वाट्याला या गोष्टीचे दोन्ही अर्थ आले. ज्या किनाऱ्यावर एका पावाच्या तुकड्याने माणूस परका होऊ शकत होता, त्या किनाऱ्यावर कॅथलिक तीर्थस्थानाने पाव पुढे करताना हात जरा जपूनच पुढे करायला हवा, हे मला मान्य आहे. हात मागे घ्यायला हवा, हे मान्य नाही.

पाण्याची ही बाजू फक्त ख्रिस्ती-हिंदू अशीही नाही. महाड कोकणातलंच. 20 मार्च 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं तो दिवसही, योगायोगाने, उपवासकाळातला होता. त्या वर्षी ईस्टर 17 एप्रिलला आला. सार्वजनिक तळ्यावर कोण पाणी पिणार, हा प्रश्न या प्रदेशाने रस्त्यावर सोडवला आहे. ख्रिस्ती घरांतही कामाच्या बाईसाठी वेगळा पेला ठेवण्याची सवय पूर्ण गेली असं मला वाटत नाही. म्हणून पंगतीचा पहिला नियम पेल्यांचा असावा: भाविकाला स्टीलचा आणि मजुराला कागदाचा, असं चालणार नाही. एक तर सगळ्यांना स्टील, नाहीतर सगळ्यांना कागद.

दुसरा नियम आक्षेपाला उत्तर देणारा. जिथे जेवण वाढलं जाईल तिथे पुस्तिका वाटली जाणार नाही, प्रार्थनेला बसण्याचा आग्रह होणार नाही, धर्म विचारला जाणार नाही. रात्री मुक्काम असेल तर नाव आणि ओळखपत्राची नोंद कायद्यासाठी ठेवावी लागेल, ती ठेवा. त्या वहीत धर्माचा रकाना नको. फोटोही नको. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये असं ज्याने सांगितलं त्याच्या नावाने केलेलं अन्नदान संध्याकाळी वॉट्सअ‍ॅपवर फिरायचं काही कारण नाही. आमच्यातल्या काही उत्साही बंधूंना हे कच खाणं वाटेल. सुवार्ता सांगायला लाजायचं का, असं ते विचारतील. लाजायचं मुळीच नाही. चर्चमध्ये मिस्सा चालू आहे, दार उघडं आहे, घंटा वाजते आहे. पण भुकेल्या माणसासमोर ताट आणि पत्रक एकदम ठेवलं तर त्याला ‘नाही’ म्हणायची मोकळीक उरत नाही, आणि जिथे ‘नाही’ म्हणता येत नाही तिथल्या ‘हो’ला देवाघरीही किंमत नसावी. बायबलातल्या एम्माउसच्या वाटेवर येशूच्या दोघा शिष्यांनी अनोळखी वाटसरूला (तो पुन्हा उठलेला येशूच होता), संध्याकाळ झाली, आमच्याकडे राहा, असा आग्रह केला तो मुक्कामाचा होता. ओळख भाकर मोडताना पटली, आणि ती पटवून द्यायला कुणी उभं राहिलं नव्हतं.

शुभ शुक्रवारच्या आदल्या दिवशी, पवित्र गुरुवारी, येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून पाय धुण्याचा विधी होतो. पोप फ्रान्सिस यांनी 2016 च्या त्या गुरुवारी रोमजवळच्या एका निर्वासित केंद्रात जाऊन ज्यांचे पाय धुतले त्यांत मुसलमान आणि हिंदूही होते. त्या विधीत तोवर फक्त पुरुषांना बसवण्याचा नियम होता, तोही त्यांनी त्याच वर्षी बदलला. आपल्याकडे त्या गुरुवारी बारा खुर्च्या मांडल्या जातात आणि त्यांवर पॅरिश कौन्सिलची ओळखीची मंडळी बसतात, पाय घरून धुऊन आलेली.

खर्चाचं काय? थोडक्यात सांगतो, कारण हा आक्षेप वाटतो तेवढा मोठा नाही. वर्षातले साडेदहा महिने खोल्यांचं भाडं घ्या, त्यावर वीज, पगार, डागडुजी चालवा. दीड महिना चार खोल्या मोकळ्या ठेवा. जेवणाला पक्वान्न लागत नाही. उकड्या तांदळाची पेज, लोणच्याची फोड, भाजलेलं सुकट, ज्याला चालत नाही त्याला कुळथाची पिठी. ही कोकणातली सगळ्यात जुनी पंगत आहे. जमीनदार आणि गडी दोघेही सकाळी हीच प्यायचे, फक्त वेगवेगळ्या ओटीवर बसून. उपवास करणाऱ्याला ती पुरेशी हलकी आहे, कामावरून आलेल्याला पुरेशी भरीव. केरळात शुभ शुक्रवारी चर्चच्या आवारात कांजी आणि मूग वाढायची रीत आहे, तिथे कुणाला ते अवघड वाटत नाही. पाकिटाऐवजी प्रत्येक घराने हर्मासच्या हिशेबाने एका शुक्रवारच्या सुरमईचे पैसे दिले तरी तांदळाची पोती उतरतील.

खरी टंचाई पैशापेक्षा पाण्याची. वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणारा हा प्रदेश मार्चअखेर कोरडा पडतो, टँकर फिरू लागतात, आणि नेमका तेव्हाच उपवासकाळ असतो. डोंगरावरच्या तीर्थस्थानांची अडचण मी समजू शकतो. पण चैत्रात पाणपोई घालायची रीतही याच टंचाईत जन्मली ना? ज्या महिन्यात पाणी मुबलक असतं त्या महिन्यात पाणपोई कुणी घालत नाही. तीर्थस्थानाच्या फाटकाबाहेर, आत नव्हे, बाहेर, दोन माठ आणि ओगराळं ठेवायला समितीची बैठक लागू नये. खोल्यांमधल्या शॉवरचं पाणी दिवसातून दोन तास बंद ठेवलं तर रिट्रीटला आलेल्यांच्या तपश्चर्येत भरच पडेल.

आणि फुकटे? येतील की. पहिल्या शतकाच्या अखेरीस लिहिल्या गेलेल्या दिदाखे या ख्रिस्ती नियमसंग्रहात त्यांची व्यवस्था आहे. वाटसरू आला तर त्याला जमेल तेवढी मदत करा. तो दोन दिवस राहील, गरज पडली तर तीन. कायमचं राहायचं असेल तर काम करून खाईल. म्हणजे हा प्रश्न येशूनंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीलाही पडला होता. त्यावर त्यांनी दिवसांची मर्यादा घातली, फाटकाला कुलूप घातलं नाही.

माझ्या प्रस्तावातली एकच गोष्ट मला स्वतःला खटकते, आणि ती कुणी विचारण्याआधी मीच काढतो. हे सगळं रांधणार कोण? आमच्याकडे ‘चर्चने आतिथ्य करावं’ असं पुरुष म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ बहुधा असा होतो की महिला मंडळाने पहाटे चारला उठावं आणि सिस्टरांनी रात्री भांडी आवरावीत. उपवासकाळात घरचं वेगळं, चर्चचं वेगळं, असे दुहेरी चुलीचे दिवस बायकांच्या वाट्याला आणून पुरुषांनी टेकडीवर क्रूस वाहायला जायचं असेल, तर हा लेख न वाचलेला बरा. लाकडी क्रूस खांद्यावर घेतलेल्या माणसाला सगळे बाजूला सरून वाट देतात. पेजेचा टोप उचलणाऱ्याला कुणी वाट देत नाही, उलट वाफ अंगावर आली म्हणून ओरडतात. प्रायश्चित्त कशात जास्त आहे ते ज्याने त्याने ठरवावं.

तेव्हा पाळ्यांची यादी करावी आणि ती चर्चच्या दाराशी, लग्नांच्या जाहीर नोटिसांशेजारी लावावी (उपवासकाळात तो फलक तसाही रिकामाच असतो). सोमवारी एका आळीतले पुरुष, मंगळवारी दुसऱ्या, शनिवारी दृढीकरणाच्या वर्गातली मुलं, मुली सोडून. स्वयंपाक येत नाही ही सबब चालणार नाही, पेजेत चुकण्यासारखं आहेच काय. शुक्रवारची भांडी फादरांकडे. क्रुसाची वाट संध्याकाळी साडेपाचला असते. दुपारची पंगत दोनला उठली तर मधल्या साडेतीन तासांत दोन टोप, चार परात आणि शंभर ताटल्या आरामात घासून होतात.